आधी काय हवंय ते सांगा

आमच्या थोरल्या साडूंसारखी आणखी चार माणसं या देशात असती तर निम्मे कारखाने निघालेच नसते आणि जे निघाले ते कधी बंद पडले नसते, असं माझं मत आहे आणि ते मी कुणाशीही भांडून सिद्ध करायला तयार आहे. बाकीचं जग आधी वस्तू करतं आणि मग ती कुणाच्या गळ्यात मारावी याचा विचार करतं. साडूंचं उलटं. वस्तू कुणासाठी, कुठं वापरायची, तिनं नेमकं काय करायचं आणि ती नसली तर कुणाचं काय अडेल, हे कागदावर उतरल्याशिवाय ते कुणाला खिळ्यालाही हात लावू देत नसत. या कागदाला ते 'अपेक्षापत्र' म्हणत. हा शब्द त्यांनी स्वतःच पाडलेला होता, आणि तो उच्चारताना त्यांचा चेहरा असा काही व्हायचा की समोरच्याला उगाचच चपला काढून बाजूला ठेवाव्यात असं वाटे.

नात्यानं ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही दाजीच म्हणायचो. ते मला पाहुणे म्हणत. बोईसरात दोन गल्ल्या सोडून आमची खोली, आठवड्यातून चारदा त्यांच्याकडे माझं जेवण, तरी मी आपला पाहुणाच. मूळचे ते कऱ्हाडकडचे. तारापूरची औद्योगिक वसाहत नुकती आकार घेत होती, तेव्हा ते इकडे आले आणि एका रंगाच्या कारखान्यात खरेदी खात्यात चिकटले. खरेदी खात्यात असा माणूस नेमणं म्हणजे खानावळीत वाढप्याच्या जागी वैद्य उभा करण्यासारखं होतं. एका साहेबांनी एकदा उंच शिडी मागवली. आमच्या साडूंनी मागणीच्या कागदावर सही करायच्या ऐवजी साहेबांना जाऊन विचारलं, "वर कशाला चढायचंय?" साहेब म्हणाले, वरच्या नळीवरचा दाबाचा काटा वाचायला. "तो काटा वरच का आहे?" आता हे साहेबांना कुठं ठाऊक? ज्यानं बसवला तो नोकरी सोडून गेला होता. शेवटी काटाच खाली आणून बसवला, शिडी आलीच नाही, आणि पालघरचा शिडीवाला व्यापारी पुढं कित्येक वर्षं साडू दिसले की दुकानात तोंड फिरवून बसायचा.

घरातही हाच कारभार. शिंप्याकडे शर्ट टाकायचा तर शिंप्याच्या हातात आधी कागद. त्यात कापड, कॉलर, बटणं यांबद्दल अवाक्षर नाही. नुसतं 'खाली वाकल्यावर खिशातलं पेन पडू नये', 'बसमध्ये दांडी धरली असता शर्ट पँटीतून वर येऊ नये', 'जेवल्यावरही माणूस तोच आहे हे शर्टानं मान्य करावं'. शिंपी बिचारा वाचून डोक्याला हात लावायचा. पण खरं सांगतो, असे बेतलेले शर्ट मी दुसऱ्या कुणाच्या अंगावर पाहिले नाहीत. पालघरच्या बाजारात छत्री घेताना त्यांनी दुकानदाराला इतके प्रश्न विचारले की तो शेवटी म्हणाला, "शेट, पाऊस सुरू हाय तवर विचारून घ्या, नायतर छत्रीच लागणार नाय तुमाला." साडू रागावले नाहीत. उलट "मुद्दा बरोबर आहे" असं म्हणून त्यांनी ते लिहून घेतलं.

या सगळ्याला मी हसायचो. हसणं थांबलं ते अक्कामुळं. अक्का म्हणजे माझी मेव्हणी, साडूंची बायको. गोरीपान, हसरी, हाताला चव असलेली बाई. तिला ओळीनं दोन पावसाळे हिवताप झाला. बोईसरचे तेव्हाचे डास काय सांगू? अर्धवट खणलेली गटारं, कारखान्यांच्या मागची डबकी, आणि संध्याकाळ झाली की दारातून आत येणारा तो काळा ढग. दुसऱ्या तापातून अक्का उठली तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. डॉक्टरांनी साडूंना बाजूला घेऊन सांगितलं, "प्लीहा वाढलीय, अंगात रक्त नाही. पुन्हा असाच ताप आला तर माझ्या हातात काही राहणार नाही. काही करा, पण यांना मच्छरदाणीत झोपवा." आणि अक्का तर मच्छरदाणीत झोपायलाच तयार नव्हती. साडूंनी आणलेली पहिली मच्छरदाणी तिनं "गुदमरतं मला" म्हणून काढून टाकली, दुसरी शेजारच्या बाळंतिणीला दिली, तिसरीचं काय केलं ते कळलंच नाही.

नेमकी त्याच सुमारास मी कामाला होतो ती सूतगिरणी बंद पडली. मी आणि गिरणीतले आमचे वेल्डर मिस्त्री, मूळचे उत्तर प्रदेशातले, अशा दोघांनी मिळून वसाहतीत एक लहानसा गाळा घेतला. काय करायचं ते ठरलं नव्हतं. तेव्हा साडूच म्हणाले, "मच्छरदाणीची चौकट करा." कल्पना मला एकदम पटली. कंपन्यांच्या क्वार्टरात भिंती काँक्रीटच्या, खिळा ठोकायला बंदी. लोक मच्छरदाणीची एक दोरी खिडकीला, दुसरी नळाला, तिसरी कपाटाच्या मुठीला बांधत आणि चौथी कुणाच्या तरी पायाच्या अंगठ्याला. मी म्हटलं, "दाजी, झालंच समजा. अर्ध्या इंची पाईप, चार पाय, वर चार दांड्या, मिटवता येईल अशी. पाईप मी उद्याच आणतो."

साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळात बिडी पेटवली होती. "पाहुणे, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पाईप हा शब्द इथं यायचा नाही. पाईप हे उत्तर झालं. प्रश्न अजून कुठं पुरा झालाय? आधी काय हवंय ते सांगा, कसं करायचं ते मागून." आणि त्या दिवसापासून आमच्या गाळ्यात पाईप, दांडी, नट, बोल्ट हे शब्द शिवीसारखे वर्ज्य झाले. मी चुकून बोललो की साडू नुसतं बोट वर करायचे. मिस्त्रींनी तर काही दिवसांनी बोलणंच सोडलं.

मग साडू सुट्टीच्या दिवशी सायकलवरून लोकांना विचारायला निघाले. काय विचारायला? तर तुम्ही झोपता कसे. मी बऱ्याचदा दुसऱ्या सायकलवर मागं असायचो, आणि लाज वाटून चार हात अंतर ठेवायचो. कुणाच्याही दारात उभं राहून नमस्कार करायचा आणि गंभीरपणे विचारायचं, "आपल्या घरी झोपणारे किती? रात्री उठावं लागतं का? किती वेळा? कुणाला?" एका नव्या जोडप्याच्या दारात हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर आतून दार लागलं ते आम्ही कोपऱ्यावरून वळेपर्यंत उघडलं नाही. पाम गावात एका शेतकऱ्यानं आम्हाला अंगणात बसवून पाणी दिलं आणि म्हणाला, "आमी खाली झोपतो. घरात खाट नाय. तुमी खाटेची चौकट कराल, ती आमाला काय कामाची?" साडूंचा चेहरा उजळला. त्यांनी ते मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. घिवलीच्या किनाऱ्यावर एक कोळीण बोंबील वाळत घालत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाल्यात मासा जातो बाबा, मानूस नाय." साडूंनी तेही लिहून घेतलं. मी विचारलं, "दाजी, याचा काय उपयोग?" ते म्हणाले, "आत गेल्यावर माणसाला मासा झाल्यासारखं वाटता कामा नये. ही पण अपेक्षाच आहे. ती बाई थट्टा करत होती, पण खोटं बोलत नव्हती."

बोईसर स्टेशनाजवळ एका खोलीत वेगवेगळ्या पाळ्यांत काम करणारे कामगार एकत्र राहत. एक उठला की त्याच्याच खाटेवर दुसरा पडणार. त्यातला एक जण म्हणाला, "हमारे यहाँ खटिया कभी नहीं सोती, साहब. आदमी बदलते रहते हैं।" मग एक माणूस बाहेर निघताना आणि दुसरा आत शिरताना डास आत जाऊ नये, ही अपेक्षा आली. चिंचणीतल्या एका निवृत्त मास्तरांना दमा होता. ते उठून बसून खोकत, म्हणून आत बसल्यावर जाळी डोक्याला लागू नये, ही अपेक्षा आली. हे सगळं झाल्यावर साडूंना वाटलं की एक बाजू राहिली. मग त्यांनी 'डासाच्या अपेक्षा' असं एक प्रकरणच लिहिलं. त्यासाठी ते रोज संध्याकाळी गाळ्याबाहेर स्टुलावर उघड्या अंगानं बसून डास कुठून येतो, कुठं बसतो, कुठं वळतो ते पाहायचे. "दाजी, ताप येईल," असं मी म्हटलं की म्हणायचे, "मला डास चावत नाहीत. बसतात, विचार करतात, निघून जातात." मिस्त्री हे सगळं दारात उभे राहून बघायचे आणि सुस्कारा टाकून म्हणायचे, "साहब, इतने में तो मच्छर बूढ़ा हो जाता है।"

मी पार कावलो होतो, हे लपवत नाही. घरी बायको रोज विचारायची, गाळ्यात काय झालं? काय सांगू? आज खोकल्याची अपेक्षा झाली? पण ते अपेक्षापत्र पुरं होऊन माझ्या हातात आलं आणि मी ते एका बैठकीत वाचलं तेव्हा, विश्वास ठेवा न ठेवा, माझ्या अंगावर काटा आला. त्यात पाईपचं नाव नव्हतं, माप नव्हतं, चित्र नव्हतं. नुसती माणसं होती. खाली झोपणारी, वर झोपणारी, बसून खोकणारी, उठून मुलाला बाहेर नेणारी, दिवसा झोपणारी. वाचता वाचता चौकट कशी असायला हवी ते मला आपोआप दिसायला लागलं. मिस्त्रींना मी हिंदीत वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, कान खाजवला आणि म्हणाले, "अब समझ में आया। पहले बोल देते।" साडूंनी आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. म्हणाले, "सही म्हणजे समजलं असं नव्हे. नंतर भांडायचं नाही असं."

चौकट झाली ती अशी की खाटेवर उभी राहील आणि जमिनीवरही उभी राहील, भिंतीला हात लावायला नको, काखेत मारून गावी नेता येईल. जाळीच्या खालच्या कडेत वाळूची नळी शिवलेली, म्हणजे ती आपोआप जमिनीला चिकटायची. आत शिरायला एकावर एक दोन पडदे. विकलेल्या पहिल्या चौकटी त्या स्टेशनाजवळच्या कामगारांनीच नेल्या. मग त्यांच्या गावचे आले, मग क्वार्टरातल्या बायका आल्या, मग पालघरहून एक व्यापारी आला. एकही चौकट तक्रार घेऊन परत आली नाही. गाळा उभा राहिला. लोक माझं कौतुक करायचे आणि मी साडूंकडे बोट दाखवायचो. साडू मात्र कौतुक ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "काही राहिलं का?"

राहिलं होतं. पहिलीच चौकट झेंडूचा हार घालून साडूंच्या घरी गेली होती. अक्कानं तिला हळदकुंकू लावलं, सगळ्यांना चहा केला, आणि दुसऱ्या दिवशी ती चौकट अंगणात नेऊन तिच्यात कुरडया वाळत घातल्या. कावळे येत नाहीत म्हणाली. साडूंना वाटलं, उन्हाळा आहे, पावसाळ्यात झोपेल. पावसाळ्यात ती चौकटीत पापड ठेवायला लागली. आणि मग जे व्हायचं तेच झालं. एका दुपारी तिला हुडहुडी भरली. अंगावर तीन गोधड्या टाकल्या तरी खाट वाजत होती. यावेळचा ताप डोक्यात गेला. ती माणसं ओळखेना. माझी बायको तिच्या उशाशी बसून होती आणि साडू दवाखान्याच्या बाकावर. या माणसानं सबंध आयुष्यात विचारलेले प्रश्न एका बाजूला ठेवले आणि डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. डॉक्टर म्हणाले, "आजची रात्र वाट बघू." मी साडूंना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं आणि देवानं पुन्हा दाखवू नये.

अक्का वाचली. कशी वाचली हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण त्यांनी बजावलं की आता नशिबाची परीक्षा पुरे. घरी आणल्यावर माझी बायको ओट्याशी पेज ढवळत होती आणि साडू दाराशी उभे राहून तिला म्हणत होते, "एवढी हवा खेळती ठेवलीय आम्ही त्या चौकटीत. गुदमरायचा प्रश्नच येत नाही. तरी ऐकत नाही. आता काय करावं?" माझी बायको तशी दाजींसमोर मोठ्यानं बोलणारी नव्हे. पण त्या दिवशी तिनं पळी खाली ठेवली आणि म्हणाली, "दाजी, सगळ्या तालुक्याला विचारत फिरलात. अक्काला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? तिचं मला पाठ आहे."

"मग म्हणून दाखवा."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी तिथंच होतो, मी पाहिलं. या माणसानं घिवलीच्या कोळिणीची थट्टा लिहून घेतली होती, डासाच्या अपेक्षा लिहिल्या होत्या, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिच्याकडे फिरकला नव्हता. चेहरा उतरणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू आंघोळ करून, ऑफिसचा शर्ट घालून अक्काच्या खाटेसमोर स्टूल टाकून बसले. मांडीवर पाटी, पाटीवर कागद. आम्ही दोघं नवरा-बायको दारात होतो. साडूंनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आपल्या झोपण्याबद्दल चार प्रश्न विचारायचे आहेत."

"आपल्या म्हणे," अक्का म्हणाली आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "विचारा."

"मच्छरदाणी का नको?"

"नको असं मी कधी म्हटलं?"

"गुदमरतं म्हणाली होतीस."

"ते त्या पहिल्या जाड कापडाच्या मच्छरदाणीत. त्यानंतर तुम्ही विचारलंच नाही. नुसत्या आणत राहिलात."

साडूंनी लिहून घेतलं. "मग या चौकटीत काय कमी आहे?"

अक्कानं पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, "तुम्ही कुठं झोपता?"

"मी? शेजारच्या खाटेवर. बाहेर. मला डास चावत नाहीत."

"तुमची पाठ तुम्हाला दिसत नाही. मी रोज सकाळी बघते. गांधीच गांधी असतात." तिचा आवाज बसलेला होता, पण शब्द स्वच्छ होते. "मी जाळीत बंदोबस्तात आणि नवरा बाहेर डासांच्या तोंडी, अशी झोप मला येत नाही. एकदा झोपून पाहिलं मी. रात्रभर तुमच्या खाटेकडे बघत होते. तुम्हाला ताप आला तर मी काय करू? दोघांची करणार असाल तर करा. नाहीतर मी कुरडयाच वाळवते त्यात."

खोलीत माझ्या बायकोच्या नाक ओढण्याचा तेवढा आवाज. साडूंनी ते लिहून घेतलं, आणि माझ्याकडे वळून अगदी कामाच्या आवाजात म्हणाले, "पाहुणे, माझी चूक झाली. झोपणारे किती, हे मी सगळ्यांना विचारलं. आमच्या घरचं एकच धरलं." आवाज कामाचा होता, पण चष्मा काढून पुसला तो दोनदा.

मिस्त्रींनी त्याच दिवशी काम हाती घेतलं. दोन खाटा जोडून त्यावर बसेल अशी चौकट, उंच, चारी बाजूंनी पडदे. ती उभी केल्यावर मिस्त्री मागं सरले, बघत राहिले आणि म्हणाले, "साहब, ये तो शादी का मंडप बन गया।" अक्का लाजली, आणि साडूंनी पहिल्यांदाच एखादी वस्तू तपासून न बघता ताब्यात घेतली. त्यानंतर अक्काला हिवताप आला नाही. तशी चौकट आम्ही पुढं पुष्कळ विकली. आमच्याकडे तिला मंडपच म्हणायचे, आणि नवरा-बायको गाळ्यावर येऊन कुजबुजत मंडप मागायचे. मला आजही वाटतं की इतकं जीव ओतून विचारणारा आणि चुकल्यावर इतक्या सरळ मनानं चूक लिहून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मोठमोठे साहेब मी पाहिले, यंत्रं बनवणारे पाहिले. पण त्यांना ठाऊक असायचं. यांना ठाऊक नसायचं, आणि ते विचारायचे.

निवृत्त झाल्यावर दोघं कऱ्हाडजवळ गावी गेले. मंडप सोबत नेला. अक्का नव्वद सालानंतर कधीतरी गेली. हृदयाचं निमित्त झालं, ताप नाही. दिवसकार्यानंतर काही महिन्यांनी मी साडूंना भेटायला गेलो. बरेच वाळले होते. घरभर फिरून मला काय काय दाखवत होते. माजघरात दोन खाटा आणि त्यावर तोच मंडप. एवढ्याशा खोलीत चालायला जागा नव्हती, ते आडवे होऊन कडेकडेनं जात होते. मी पिशवीत पान्हे घेऊनच गेलो होतो. म्हटलं, "दाजी, अर्ध्या तासाचं काम आहे. एका माणसापुरती करून देतो. खोली मोकळी होईल."

"राहू द्या पाहुणे," ते म्हणाले. "तिनं सांगितली होती तशी राहू द्या."

मी पिशवी बाजूला ठेवली. जेवणं झाल्यावर ते दुपारचे आडवे व्हायला निघाले. दोन्ही खाटांवर चादरी घातलेल्या होत्या. मी दारातून पाहत होतो. त्यांनी आधी वळसा घालून पलीकडे जाऊन तिच्या बाजूची जाळी नीट खाली सोडली, कड जमिनीला लागली का ते वाकून पाहिलं. मग आपल्या बाजूनं आत गेले.